खोली मिळेल का?



ढोकीची आपली पोरं बारावी झाली की धाराशिव, लातूर, पुणे गाठतात. कॉलेजात नंबर लागतो, पण खोली मिळंना. घरमालक आधी गाव विचारतो, मग आडनाव. आडनाव कळलं की म्हणतो, ‘खोली कालच गेली.’ कारखान्याच्या पगारावर पोरं शिकवणाऱ्या आम्ही हे स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

हे दुखणं जुनंच. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. राहायला कुणी जागा देईना. पारशी नाव सांगून ते पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. मित्रांनीही घरात घेतलं नाही. शेवटी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावी लागली. तेच बाबासाहेब १९२१-२२ मध्ये लंडनला किंग हेन्रीज रोडवर १० नंबरच्या घरात राहून शिकले. ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतलं.

१९५० साली त्यांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद. तिथल्या वसतिगृहात राहून मराठवाड्याच्या खेड्यातली पोरं शिकली.

२०१६-१७ पासून शासनाची स्वाधार योजना आली. वसतिगृहात नंबर न लागलेल्या पोरांना जेवणाचे आणि भाड्याचे पैसे बँकेत मिळू लागले. पण पैशानं भाडं भागतं, बंद दार उघडत नाही.

म्हणून आमची विनंती आहे. शहरात ज्यांची घरं झाली, त्यांनी एक खोली शिकणाऱ्या पोरांसाठी ठेवावी आणि विहारात नाव कळवावं. वर्गणीइतकंच हेही दान आहे.

जयभीम!