विमानांच्या धुराचा हिशेब

डच विमानकंपनी के.एल.एम. १९१९ सालीं स्थापन झाली. शतकपूर्तीच्या वर्षीं, २०१९ मध्यें, तिनें ‘जबाबदारीनें उड्डाण करा’ अशी जाहिरात आरंभिली. पुढें उतारूंस सांगण्यांत आलें कीं, थोडे पैसे अधिक भरा. त्यांतून झाडें लावूं, टाकाऊ तेलासारख्या पदार्थांपासून केलेलें इंधन घेऊं. प्रवासाचें पाप प्रवासांतच फिटावें, अशी ही सोय! काशीयात्रेहूनहि स्वस्त.

मूळ दुखणें जुनें आहे. १९९७ च्या क्योतो करारानें परदेशगामी विमानांचा कर्बवायु कोणत्याच राष्ट्राच्या खात्यावर मांडला नाहीं. तो प्रश्न आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेकडे सोंपविला. तिची योजना ठरावयास २०१६ साल उजाडलें, आणि तींतहि भर राहिला तो इतरत्र भरपाई करण्यावर. असा हिशेब सैल राहिल्यावर जाहिरातींस रान मोकळें मिळालें, यांत नवल नाहीं.

२०२२ सालीं एका पर्यावरणवादी संस्थेनें के.एल.एम. वर फिर्याद केली. २० मार्च २०२४ रोजीं अ‍ॅमस्टरडॅमच्या न्यायालयानें तपासलेल्या १९ विधानांपैकीं १५ दिशाभूल करणारीं ठरविलीं. झाडें व नवें इंधन यांनीं हानि किंचितच घटते, चित्र मात्र फारच गुलाबी रंगविलें, असा त्याचा अभिप्राय पडला. त्या जाहिराती तोंवर बंद झाल्या होत्या. म्हणून जाहीर दुरुस्तीची सक्ति झाली नाहीं. पुढेंहि जाहिरात करण्यास कंपनीस मुभा राहिली. मात्र ती खरी व नेमकी असावी, एवढें बंधन पडलें.