कर्जखतापासून करारपत्रापर्यंत

1874 साल सरता सरता शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या येण्यापोटी बाबासाहेब देशमुखांविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडायला घेतले. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्याचे लोण आसपासच्या गावांत पसरले आणि 12 मे 1875 रोजी, ऐन बाजाराच्या दिवशी, सुप्यात लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. सुपे आज बारामती तालुक्यात असले तरी तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते. दख्खनच्या दंग्यांची ही सुरुवात. जमाव काय मागत होता, ते पाहण्यासारखे आहे. तो कर्जखते मागत होता. जिथे सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले, तिथे सहसा कोणाच्या अंगाला हात लागला नाही. शेतकऱ्यांनी आपल्या नाडणुकीचे मूळ अचूक हेरले होते. घरबसल्या कामाच्या आजच्या फसव्या जाहिराती ओळखायच्या असतील, तर त्यांची ही नजर कामी येते, असे माझे म्हणणे आहे.

कागद माणसाला कसा बांधतो, ते जरा जवळून पाहू. लिहिता न येणारा कुणबी दस्तावर नांगराची निशाणी करी. वरचा मजकूर सावकाराच्या सांगण्यावरून लिहिलेला. 1859च्या मुदतीच्या कायद्याने अशा रोख्यावर दावा लावायला तीन वर्षांची मुदत घातली. व्याज साचत जाऊ नये, हा हेतू. झाले उलटेच. तीन वर्षे भरत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करून घेई आणि त्यावर पुन्हा व्याज चढे. पुढे दावा लागला की कोर्टापुढे येई तो फक्त शेवटचा कागद. कूळ बहुधा कोर्टात जातच नसे, कारण कोर्टाची वाट, खर्च आणि धास्ती तिन्ही त्याच्या आवाक्याबाहेरची. मग एकतर्फी निकाल लागे.

आता आजचा डाव पाहा. फोनवर जाहिरात येते: घरी बसून टायपिंग, महिन्याला भरघोस पगार. एका पानाखालच्या चौकोनात खूण करून ‘मान्य’ म्हणायचे, की लांबलचक इंग्रजी करारावर सही झाली. काम इतके अवघड आणि मुदत इतकी तुटपुंजी ठेवलेली असते की ते पुरे होऊच नये. मग ‘अचूकता कमी भरली’ असा शेरा येतो, पाठोपाठ वकिलाच्या नावाची नोटीस, वर शिक्का, आणि करार मोडल्याबद्दल काही हजार रुपयांची मागणी. घरी पेन्सिली पाकिटांत भरून देण्याच्या कामाचा प्रकार याहून साधा: नामांकित कंपनीचे नाव वापरून आधी नोंदणीचे पैसे, मग ओळखपत्राचे, मग कुरिअरचे. माल काही येत नाही.

सावकार निदान कर्ज तरी देई, बियाण्याला आणि सरकारी साऱ्याला त्याचाच आधार होता, मग दोघांना एका मापाने कसे मोजता, असे कोणी विचारील. फरक खराच आहे आणि तो लपवायचे कारण नाही. आजचा ठक काहीच देत नाही. पण वसुलीची रीत एकच आहे: न वाचलेला कागद आणि कोर्टाची भीती. आता लोक शिकलेले आहेत, हा दुसरा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. अक्षरओळख असूनही वीस पाने इंग्रजी करार कोण वाचतो? घरबसल्या काम म्हणजे फसवणूकच, असेही मी म्हणत नाही. 1959 साली गिरगावात सुरू झालेल्या लिज्जतच्या बायका भिजवलेले पीठ घरी नेतात, पापड लाटून आणतात आणि त्याची मजुरी घेतात. पैसा काम करणाऱ्याकडे येतो, हे तिथे उघड दिसते.

दंग्यांनंतर 1879 साली दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. तो सगळा जाच संपवू शकला नाही. पण त्याने कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मुळापासून इतिहास तपासायला लावले, प्रतिवादीचे म्हणणे ऐकायला लावले, आणि सावकाराला पावती व हिशेब देणे भाग पाडले. आज कोणी काम देण्यासाठी पैसे मागितले, तर हेच विचारावे: पावती कोणाच्या नावे, कंपनीचा पत्ता कुठला, आजवर कोणाला मजुरी मिळाली? नोटीस आलीच तर घाबरून पैसे पाठवू नयेत. दंग्यांच्या तीनच वर्षे आधीचा, 1872चा करार कायदा आजही लागू आहे. करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप देणे लागत नाही. कलम 74नुसार वाजवी भरपाई किती, ते न्यायालय ठरवते. नोटिशीवर खटल्याचा क्रमांक असेल तर तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा जवळच्या न्यायालयात जाऊन पडताळता येतो, आणि पैसे गेलेच असतील तर 1930 या क्रमांकावर त्याच दिवशी तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळवली जाण्याआधी ती अडवता येते.