सॅमन मासेमारी, भाड्याच्या नौकेतील

कप्तान, खलाशी, गळकाठ्या व इतर साधने यांसह संपूर्ण नौका काही तासांपुरती भाड्याने घेऊन सॅमन मासे गळाने पकडण्याचा छंद. अशा नौकेस ‘चार्टर नौका’ म्हणतात. जाळ्यांनी केलेल्या व्यापारी मासेमारीहून हा प्रकार वेगळा असून त्यात पकडलेले मासे विकता येत नाहीत. ते उतारूंचे असतात व बहुधा घरी नेऊन खाल्ले जातात. उत्तर अमेरिकेचा पॅसिफिक किनारा आणि पंचमहासरोवरे, त्यांतही विशेषेकरून मिशिगन सरोवर, ही या छंदाची प्रमुख क्षेत्रे होत. या नौकांवरील पुष्कळ उतारूंनी तत्पूर्वी कधी गळकाठी हातात धरलेली नसते व सुटीच्या दिवसांत त्यांत लहान मुलेही असतात. नौकेचा आकार, कप्तानाचा परवाना, साधनांची मांडणी, इतकेच नव्हे तर मिशिगन सरोवरातील सॅमन माशांचे अस्तित्वही या अननुभवी उतारूला सोयीचे व्हावे अशा रीतीने घडत गेले आहे.

सॅमन हा मूळचा नवशिक्यांचा मासा नव्हे. पॅसिफिकमधील चिनूक व कोहो या जाती नदीत जन्मतात, समुद्रात वाढतात आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत येऊन मरतात. समुद्रात त्या सतत फिरत्या असतात. त्यामुळे त्यांचा माग काढण्यास नौका, अनुभव व कौशल्य लागते. ब्रिटिश कोलंबियातील कँबेल रिव्हर येथे १९२४ मध्ये स्थापन झालेल्या टायी क्लबचे सदस्यत्व मिळविण्यासाठी वल्ह्याच्या होडीतून व ठरीव हलक्या साधनांनी किमान ३० पौंड (सु. १३·६ किग्रॅ.) वजनाचा चिनूक पकडावा लागतो. होडी वल्हविणारा वाटाड्या तेथेही असतो. परंतु या प्रथेचा सारा रोख माणसाची कसोटी पाहण्यावर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर वॉशिंग्टन राज्यातील वेस्टपोर्टसारख्या बंदरांत यंत्रचलित चार्टर नौकांचे ताफे उभे राहिले आणि एका दिवसाच्या भाड्यात कोणालाही सॅमनपर्यंत पोहोचता येऊ लागले. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी जुन्या तहांच्या आधारे आदिवासी जमातींना त्यांच्या परंपरागत क्षेत्रांतून जाणाऱ्या सॅमनच्या निम्म्या वाट्याचा हक्क असल्याचा निर्णय दिला. या निर्णयानंतर आणि माशांची संख्या घटल्यावर तेथील हंगाम आखडत गेले.

नवख्या उतारूच्या जीविताचा प्रश्न ऐरणीवर आला तो सॅमनच्या नव्हे, तर अटलांटिक किनाऱ्यावरील मासेमारीच्या प्रसंगाने. १ सप्टेंबर १९५१ रोजी ‘पेलिकन’ ही सु. १३ मी. लांबीची नौका न्यूयॉर्क राज्याच्या माँटॉक टोकाजवळ उलटली. तीवर ६४ जण होते. त्यांपैकी कप्तानासह ४५ जण मृत्युमुखी पडले. सुटीचा दिवस साधून आगगाडीने आलेल्या शहरी हौशी लोकांनी धक्क्यावर गर्दी केली होती. नौकेत किती माणसे मावतात, वारा कसा वळणार आहे, एक यंत्र बंद पडले तर काय होईल, यांतील काहीही उतारूला कळण्याजोगे नव्हते. १९५६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने सहांहून अधिक उतारू नेणाऱ्या लहान नौकांची तटरक्षक दलाकडून तपासणी सक्तीची केली. सहा किंवा त्यांहून कमी उतारू नेणाऱ्या नौकांना ही तपासणी लागू झाली नाही. मात्र भाडे घेऊन उतारू नेणाऱ्या चालकास परवाना असणे १९४० च्या कायद्यानेच आवश्यक ठरले होते. पंचमहासरोवरांवरील बहुसंख्य चार्टर नौका आजही सहा उतारूंच्याच आहेत, याचे कारण माशांच्या सवयींत नसून या कायद्यात आहे. परवान्यासाठी जलप्रवासाचा ३६० दिवसांचा अनुभव दाखवावा लागतो.

मिशिगन सरोवरात (क्षेत्रफळ सु. ५७,८०० चौ. किमी.; कमाल खोली २८१ मी.) सॅमन नैसर्गिक रीत्या नव्हता. तेथील मुख्य शिकारी मासा म्हणजे सरोवरी ट्राउट. कालव्यांच्या मार्गाने वर सरकलेली सागरी लँप्री १९३६ मध्ये या सरोवरात आढळली. माशाच्या अंगाला चिकटून रक्त शोषणारा हा प्राणी आणि व्यापारी मासेमारी यांच्या दुहेरी माऱ्याने सरोवरी ट्राउट १९५०–६० च्या दरम्यान नष्टप्राय झाला. त्याला भक्ष्य होणारा एलवाइफ हा समुद्रातून आलेला लहानसा मासा १९४९ मध्ये येथे प्रथम नोंदला गेला होता. शत्रूच न उरल्याने तो बेसुमार वाढला व १९६० नंतरच्या काही वर्षांत सरोवरातील एकूण माशांच्या वजनाचा फार मोठा हिस्सा एकट्या एलवाइफचा झाला. १९६७ च्या उन्हाळ्यात तो एवढ्या प्रचंड प्रमाणात मेला, की शिकागोपासून उत्तरेपर्यंतच्या वाळवंटांवर त्याचे ढीग साचले आणि दुर्गंधीमुळे पर्यटकांनी किनाऱ्याकडे पाठ फिरविली.

मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाची सूत्रे १९६४ मध्ये हाती घेणारे हॉवर्ड टॅनर यांनी या स्थितीत एक धाडसी तोडगा काढला. ओरेगन राज्यातून कोहोची अंडी आणवून ती मत्स्यबीज केंद्रांत उबवण्यात आली आणि १९६६ च्या वसंतात प्लॅट नदी व मॅनिस्टी नदीची उपनदी बेअर क्रीक यांत पिले सोडण्यात आली. पुढच्या वर्षी चिनूकचीही पिले सोडली गेली. एलवाइफला आवर घालणे हा या योजनेचा एकच हेतू नव्हता. सरोवर यापुढे मूठभर व्यापारी कोळ्यांपेक्षा हजारो हौशी लोकांच्या उपयोगी पडावे, असे टॅनर यांचे उघड धोरण होते. व्यापारी कोळ्यांना ते अर्थातच रुचले नाही. १८३६ च्या तहान्वये मासेमारीचा हक्क सांगणाऱ्या आदिवासी जमातींशीही हौशी मासेमारांचे तीव्र संघर्ष झाले. न्यायाधीश नोएल फॉक्स यांनी १९७९ मध्ये जमातींचा हक्क मान्य केला.

एलवाइफवर पोसलेला कोहो दीड वर्षात कित्येक किग्रॅ. वजनाचा झाला आणि १९६७ च्या शरद ऋतूत नद्यांच्या मुखांशी जमू लागला. ही वार्ता पसरताच मॅनिस्टी, फ्रँकफर्ट, हॉनर या लहान गावांवर माणसांचा लोंढा आला. लहानशा तळ्यावर वापरावयाच्या उथळ होड्या मोटारीला जोडून आणलेले हे लोक मोठ्या सरोवरावर प्रथमच उतरत होते. २३ सप्टेंबर १९६७ रोजी, शनिवारी, लहान होड्यांसाठी धोक्याचा इशारा दिलेला असतानाही शेकडो जण प्लॅट उपसागरात व आसपास गळ टाकून बसले होते. अकस्मात उठलेल्या वादळाने होड्या पाण्याने भरल्या, किनाऱ्यावर आपटल्या. सात जण बुडाले. एरवी सावध असणारी माणसेही त्या आठवड्यात भान विसरली होती. हवामान पाहून ‘आज जायचे नाही’ असे सांगणारा जाणता माणूस बरोबर असणे किती आवश्यक आहे, हे या घटनेने दाखवून दिले. पुढील दीड दशकात लडिंग्टन, मॅनिस्टी, ग्रँड हेव्हन, सेंट जोसेफ, तसेच विस्कॉन्सिनमधील अल्गोमा, किवॉनी, रॅसीन आणि इलिनॉयमधील वॉकीगन या बंदरांत चार्टर नौकांचा धंदा भरभराटीस आला.

या नौकांवरील कार्यपद्धती नवशिक्यास ध्यानात घेऊनच बसविलेली दिसते. उन्हाळ्यात सरोवराच्या वरच्या कोमट पाण्याखाली तापमान एकदम उतरणारा एक थर असतो व चिनूक साधारणपणे १०° ते १३° से. तापमानाच्या पाण्यात राहणे पसंत करतो. तेवढ्या खोलीवर आमिष पोहोचविण्यासाठी तारेच्या टोकाशी ४·५ ते ५·५ किग्रॅ. वजनाचा शिशाचा गोळा सोडतात. गळाची दोरी एका चिमट्याने त्या तारेला अडकविलेली असते. माशाने आमिष ओढताच चिमटा सुटतो, वाकलेली काठी ताठ होते आणि मासा व माणूस यांच्यामध्ये वजन उरत नाही. खोली ठरविणे, धातूची चकचकीत आमिषे निवडणे, दहा-बारा दोऱ्या एकमेकींत न गुंतविता नौका मंद गतीने चालविणे ही कामे कप्तान व त्याचा मदतनीस करतात. उतारूकडे उरते ते काठी उचलणे व रीळ गुंडाळणे. काठी कोणी व कोणत्या क्रमाने घ्यावयाची हे धक्का सोडण्यापूर्वीच ठरवितात, कारण मासा लागल्यावर वाद घालण्यास सवड नसते.

लहान मुलाच्या बाबतीत ऋतूची निवड महत्त्वाची ठरते. मार्च-एप्रिलमध्ये सरोवराच्या दक्षिण टोकास, इंडियानातील मिशिगन सिटीपासून शिकागोपर्यंत, किनाऱ्यालगतचे पाणी आधी ऊबदार होते व एक-दीड किग्रॅ. वजनाचे कोहो उथळ पाण्यात मिळतात. फेरी लहान असते व मासा मुलाच्या हातात आवरतो. थंडी मात्र सोसावी लागते. याउलट जुलै-ऑगस्टमध्ये लडिंग्टनसमोर पहाटेच्या अंधारात निघून पकडलेला आठ-दहा किग्रॅ. वजनाचा चिनूक शंभर मीटर दोरी सहज ओढून नेतो. अशा वेळी काठीचे टोक वर धरणे, मासा पळत असता रीळ न फिरविणे व तो थांबताच गुंडाळू लागणे एवढे तीनच नियम मुलास सांगतात. काठीचा बुंधा आधारासाठी कमरपट्ट्यातील खोबणीत बसवितात आणि जाळीने मासा उचलण्याचे काम मदतनीसाकडे राहते. काठी मोठ्या माणसाने मुलाच्या हातून काढून घेऊ नये, असे अनुभवी कप्तान बजावतात. सरोवरातील लाटा समुद्रातील लाटांपेक्षा आखूड व उभ्या असल्याने वांती होण्याचा त्रास येथेही होतो. पाच-सहा तासांची फेरी मुलास फार होते. तथापि सहा वर्षांखालील मुलाने उघड्या डेकवर जाकीट घालावे असे मिशिगनचा कायदा जसे सांगतो, तसे फेरी केव्हा आवरती घ्यावी हे कोणताही कायदा सांगत नाही. १७ वर्षांखालील मुलास तेथे परवाना लागत नाही. त्यामुळे नौकेवरील माशांची मर्यादा पुरी करण्यासाठी थकलेल्या मुलासह आणखी तासभर थांबण्याचा मोह वडीलधाऱ्यांस होतो.

मुलांच्या दृष्टीने दुसरा धोका पाण्यावर नव्हे, तर ताटात होता. मार्च १९६९ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने मिशिगन सरोवरातील सु. १३ मे. टन गोठविलेला कोहो डीडीटीच्या अतिरिक्त प्रमाणामुळे जप्त केला. त्याच वर्षी मिशिगनने डीडीटीच्या वापरावर बंदी घातली. त्यानंतर पॉलिक्लोरिनेटेड बायफिनिल (पीसीबी) या औद्योगिक रसायनांकडे लक्ष गेले. ती माशाच्या चरबीत साठतात व मासा जितका मोठा व वयस्क तितके त्यांचे प्रमाण अधिक, म्हणजे छायाचित्रात उठून दिसणारा मासा खाण्यास सर्वांत कमी योग्य ठरतो. अमेरिकेत त्यांच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली. जोसेफ व सँड्रा जेकबसन यांनी मिशिगन सरोवरातील मासे खाणाऱ्या मातांच्या मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. जन्मापूर्वी या रसायनांशी सर्वाधिक संपर्क आलेल्या मुलांचा बुद्धिगुणांक अकराव्या वर्षी कमी आढळल्याचे त्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केले. माशांतील पीसीबीचे प्रमाण तेव्हापासून पुष्कळ घटले आहे. तथापि मुले व गर्भधारणायोग्य वयातील स्त्रिया यांनी असे मासे किती वेळा खावेत यासंबंधीच्या सूचना सरोवराकाठची राज्ये अद्याप प्रसृत करतात. कातडी व पोटाकडील चरबी काढून टाकून मासा जाळीवर भाजावा, म्हणजे उरलेली चरबी गळून जाते.

मिशिगन सरोवरातील चिनूकच्या पकडीने १९८६ च्या सुमारास कळस गाठला. १९८८ पासून जीवाणुजन्य वृक्करोगाने मोठे मासे हजारोंनी मेले व अनेक कप्तानांनी धंदा सोडला. पुढे झेब्रा व क्वागा या परक्या शिंपल्यांनी पाण्यातील सूक्ष्मजीव गाळून घेतल्याने एलवाइफचेच अन्न तुटले. ह्यूरन सरोवरात २००३-०४ मध्ये एलवाइफ कोसळला आणि त्यापाठोपाठ चिनूकही. ज्या माशाचा उपद्रव आवरण्यासाठी सॅमन आणला, त्याच्याच अभावी तो उपाशी राहिला. हाच प्रकार टाळण्यासाठी मिशिगन सरोवरात सोडावयाच्या चिनूकच्या पिलांची संख्या २०१३ मध्ये जवळजवळ निम्म्याने कमी करण्यात आली. ह्यूरनच्या काठावर सॅमनसाठी प्रसिद्ध असलेल्या बंदरांतील पुष्कळ चार्टर नौका गेल्या. मात्र एलवाइफ नाहीसा झाल्यावर सॅगिनॉ उपसागरात वॉलाय हा मूळचा मासा पुन्हा विपुल झाला. मुलांना व नवशिक्यांना नेणारे तेथील कप्तान आता बहुधा त्याच्याच मागावर असतात. उथळ पाण्यातील हा मासा क्वचितच दोन-तीन किग्रॅ.हून मोठा मिळतो.