मायनर लीगचे आकडे आणि तरुण पिचर: ईआरए बघून फसू नका

रिंकू सिंग म्हटलं की आज कोलकाता नाइट रायडर्सचा डावखुरा फलंदाज आठवतो. पण त्याच्याही आधी एक रिंकू सिंग होता, तोही उत्तर प्रदेशचाच आणि तोही डावखुरा. भदोही जिल्ह्यातला हा पोरगा भालाफेक करायचा. ‘मिलियन डॉलर आर्म’ नावाच्या टीव्ही स्पर्धेत त्याने ताशी 87 मैल, म्हणजे साधारण 140 किलोमीटर वेगाने बेसबॉल फेकला, एक लाख डॉलर जिंकले आणि 2008 च्या नोव्हेंबरात दिनेश पटेलसोबत पिट्सबर्ग पायरेट्स या क्लबशी करार केला. 2014 मध्ये डिस्नेने त्यावर सिनेमा काढला, संगीत ए. आर. रहमानचं. सिनेमा बऱ्याच जणांनी पाहिला. पुढचे आकडे मात्र फार कमी लोकांनी पाहिले.

2012 च्या हंगामात रिंकू वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या संघाकडून खेळला. 39 सामने, 72 इनिंग, 65 स्ट्राइकआउट आणि ईआरए 3.00. ईआरए म्हणजे दर 9 इनिंगमागे पिचरच्या नावावर किती धावा लागल्या ते. 3.00 हा चांगलाच आकडा. मग हा मुलगा मेजर लीगला का पोचला नाही? अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांची मुलं आता शाळेतच बेसबॉल खेळतात, त्यामुळे हे आकडे वाचायचे कसे हा प्रश्न इकडच्या आजी-आजोबांनाही पडायला लागलाय. म्हणून जरा सविस्तर.

आधी शिडी समजून घेऊ. मेजर लीगमध्ये 30 क्लब. 2021 पासून प्रत्येक क्लबच्या हाताखाली चार मायनर संघ आहेत: खालून वर सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. आपल्याकडे तालुका, जिल्हा, रणजी असं असतं तसंच. फरक एवढाच की तिथे हे सगळे पगारी खेळाडू, आणि कोणाला कुठल्या पायरीवर ठेवायचं ते वरचा क्लब ठरवतो. सामना जिंकणं हा तिथला मुख्य हेतूच नसतो. क्लब पिचरला सांगतो, आज फक्त चेंजअपचा सराव कर, मार पडला तरी चालेल. 75-80 चेंडू झाले की काढून घेतात. सुरुवात करणाऱ्या पिचरला ‘विजय’ नावावर लागायला किमान 5 इनिंग टाकाव्या लागतात, आणि तेवढ्यात त्याच्या संघाने धावा केलेल्या असाव्या लागतात. तेव्हा मायनर लीगच्या पिचरचे विजय-पराभव हा रकाना सरळ झाकून ठेवावा. त्यात कामाचं काही नसतं.

वय कुठलं आणि पायरी कुठली?

पहिलं बघायचं ते हे. 19 वर्षांचा पोरगा डबल-एमध्ये 22-23 वर्षांच्या फलंदाजांसमोर टिकून राहिला, तर ईआरए 4.50 असला तरी स्काउट खूश असतात. उलट 24 वर्षांचा पिचर खालच्या पायरीवर 20-21 च्या पोरांना बाद करत असेल, तर ते जरा दहावीच्या मुलाने सातवीचा पेपर सोडवल्यासारखं. रिंकूचा जन्म ऑगस्ट 1988 चा. 2012 मध्ये तो 23 चा होता, हंगाम संपता संपता 24 चा झाला, आणि लीग होती लो-ए, साउथ अटलांटिक लीग. तिथे 3.00 चा आकडा लगेच हलका वाटायला लागतो.

पण इथेच गंमत आहे. त्याच वर्षी, त्याच लीगमध्ये, सव्हाना संघाकडून आणखी एक पिचर खेळत होता. जन्म जून 1988, म्हणजे रिंकूपेक्षा दोन महिन्यांनी मोठाच. ईआरए अडीचच्या आसपास. नाव जेकब डीग्रॉम. वयाचा नियम डोळे मिटून लावला असता तर त्यालाही बाजूलाच काढावं लागलं असतं. प्रत्यक्षात तो 2014 मध्ये मेजर लीगला आला, त्या वर्षीचा नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि 2018 व 2019 मध्ये लागोपाठ साय यंग पुरस्कार घेऊन गेला. 2018 चा त्याचा ईआरए होता 1.70.

मग फरक कुठे होता? डीग्रॉम ‘मोठा’ होता त्याला कारण होतं. कॉलेजात तो मुळात शॉर्टस्टॉप, म्हणजे क्षेत्ररक्षक. पिचिंग उशिरा सुरू केलं, 2010 मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली, 2011 पूर्ण वाया गेलं. अर्थात कारण रिंकूकडेही होतं. त्याने तर बेसबॉल हातात घेतला तोच विशीच्या उंबरठ्यावर. पण डीग्रॉम सामन्याची सुरुवात करायचा, त्याच फलंदाजांना दोन-तीनदा सामोरा जायचा, चेंडू 150 किलोमीटरच्या पुढे न्यायचा आणि वॉक फार कमी द्यायचा. रिंकू मधून येऊन एक-दोन इनिंग टाकणारा. एक-दोन इनिंग सगळी ताकद लावता येते, म्हणून राखीव पिचरचा ईआरए सुरुवात करणाऱ्याच्या शेजारी ठेवून तुलना करू नये.

स्ट्राइकआउट, वॉक, होम रन

2001 मध्ये व्होरोस मॅक्रॅकन नावाच्या अभ्यासकाने एक गोष्ट मांडली, आणि बेसबॉलवाल्यांची झोप उडाली. चेंडू बॅटला लागून मैदानात राहिला की पुढे तो हिट होणार की झेल, यावर पिचरचा ताबा लोकांना वाटतो त्यापेक्षा फारच कमी असतो. ते क्षेत्ररक्षकांवर, मैदानावर आणि नशिबावर जास्त अवलंबून असतं. मायनर लीगमध्ये तर क्षेत्ररक्षकही शिकाऊ आणि मैदानंही वरच्या दर्जाची नसतात. म्हणून पिचरच्या स्वतःच्या हातात असलेल्या तीन गोष्टी वेगळ्या काढतात: स्ट्राइकआउट, वॉक (चार चुकीचे चेंडू टाकून फलंदाजाला फुकट पहिला बेस देणं) आणि होम रन.

यावरूनच एफआयपी नावाचा आकडा निघाला. होम रनला 13 ने गुणायचं, वॉक आणि अंगावर मारलेले चेंडू यांच्या बेरजेला 3 ने, त्यातून स्ट्राइकआउटची दुप्पट वजा करायची, इनिंगने भागायचं आणि साधारण 3.1 मिळवायचे. समजा 100 इनिंगमध्ये 8 होम रन, 30 वॉक, 5 जणांना चेंडू लागला आणि 110 स्ट्राइकआउट. 104 अधिक 105 वजा 220, म्हणजे उणे 11. भागून झाले उणे 0.11, मिळवून 2.99. या पोराचा ईआरए 4.20 दिसत असला तरी घाबरायचं कारण नाही, असं हा आकडा सांगतो.

या तिघांतला एकच धरून बसलं तरी गाडी घसरते. त्याचं नाव स्टीव्ह डालकोव्स्की. 1957 मध्ये पहिल्याच हंगामात त्याने 62 इनिंगमध्ये 121 स्ट्राइकआउट काढले, आणि वॉक दिले 129. 1960 मध्ये 170 इनिंगमध्ये 262 स्ट्राइकआउट आणि वॉकही बरोबर 262. त्याच्याइतका वेगवान कोणी पाहिला नाही असं जुने लोक सांगायचे. तो मेजर लीगचा एकही अधिकृत सामना खेळला नाही. दुसरीकडे नोलन रायनने 1966 मध्ये ग्रीनव्हिलला 183 इनिंगमध्ये 272 स्ट्राइकआउट काढले. वॉक त्याचेही भरपूर होते, पण स्ट्राइकआउट त्यांच्या दुपटीहून जास्त. पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

मैदान, हवा आणि चेंडूसुद्धा

इंदूरच्या होळकर स्टेडियमवर सीमारेषा जवळ. सेहवागने 2011 मध्ये तिथेच 219 ठोकले. तिथे एखाद्या गोलंदाजाने दहा षटकांत 65 दिले तर इंदूरकर त्याला लगेच नावं ठेवत नाहीत. बेसबॉलमध्ये हेच पॅसिफिक कोस्ट लीगचं. अल्बुकर्की, रीनो ही गावं उंचावर, हवा विरळ आणि कोरडी, चेंडू लांब जातो आणि कमी वळतो. डीग्रॉमचा 2013 मध्ये लास व्हेगासला ईआरए होता 4.52. नुसता तेवढा आकडा बघणाऱ्याला पुढचा साय यंग विजेता दिसलाच नसता.

चेंडू बदलला तरी आकडे बदलतात. 2019 मध्ये ट्रिपल-एमध्ये मेजर लीगचाच चेंडू वापरायला सुरुवात झाली आणि होम रनचा पाऊस पडला. 2023 मध्ये तिथे स्ट्राइक-बॉल ठरवायला यंत्र आलं आणि वॉक वाढले. म्हणून तुमच्या पोराचा आकडा त्याच लीगच्या, त्याच वर्षीच्या सरासरीशीच ताडून बघा. दहा वर्षांपूर्वीच्या कोणाशी नको.

कोपर मात्र कुठल्याच रकान्यात दिसत नाही. अमेरिकेत जाणकार अर्ध्या चेष्टेत म्हणतात की ‘पिचिंगमधला होतकरू’ अशी चीजच नसते, कारण हात कधी जाईल सांगता येत नाही. ब्रायन टेलरला यँकीजने 1991 मध्ये सगळ्यांत आधी निवडलं. 1992 मध्ये 161 इनिंगमध्ये 187 स्ट्राइकआउट, ईआरए 2.57. वय, स्ट्राइकआउट, सगळं जागेवर. 1993 च्या डिसेंबरात एका मारामारीत खांदा गेला आणि मेजर लीग कायमची राहिली. रिंकूचंही 2012 नंतर दुखापतींनीच वाटोळं केलं. कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, आणि 2018 मध्ये तो कुस्तीसाठी डब्ल्यूडब्ल्यूईत गेला.

आज भारतीय नजरेतून बघण्यासारखं नाव कुमार रॉकरचं. आईकडून भारतीय वंशाचा. 2022 मध्ये टेक्सास रेंजर्सने तिसऱ्या क्रमांकावर निवडला, 2023 मध्ये त्याचीही टॉमी जॉन. 2024 मध्ये परतून मायनर लीगमध्ये 36 इनिंगच्या थोडं पुढे 55 स्ट्राइकआउट आणि वॉक फक्त 5. आकडे डोळे दिपवणारे, पण इनिंग किती थोड्या ते बघा. त्याच सप्टेंबरात तो मेजर लीगमध्ये उतरला. 2025 मध्ये ईआरए पाचच्या वर गेला आणि त्याला पुन्हा खाली पाठवलं गेलं. ट्रिपल-एच्या प्रत्येक चेंडूचा वेग आणि फिरकी 2023 पासून सगळ्यांना बघायला खुली आहे. रॉकरचे वॉक किती आणि वेग टिकलाय का, एवढं तिथे पाहिलं की ईआरए उघडायची घाई करावी लागत नाही.