'स्वयंसेवक' हा शब्द जपून वाचा

पीएच.डी.च्या सुरुवातीला मी केलेली एक चूक सांगतो, म्हणजे तुमचे चार महिने वाचतील. मी मूळचा विज्ञानाचा. आकडे दिसले की तक्ता करायचा, ही सवय. महाराष्ट्रातल्या साक्षरता मोहिमांचा तक्ता केला आणि शिकवणारे सगळे एकाच रकान्यात टाकले: स्वयंसेवक. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "यांना मानधन होतं का?" तक्ता तिथंच कोसळला.

आता क्रमानं बघू. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, १९६१ पासून ती राज्यभर गेली. तिथं अख्खं गाव हे एकक होतं. शिक्षक आणि शिकलेले गावकरी वर्ग घेत. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ होई. शिकवणाऱ्याच्या वाट्याला यायचा तो मान.

२ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला. वयोगट १५ ते ३५, एका केंद्रावर साधारण ३० प्रौढ आणि केंद्र चालवणाऱ्याला महिना ५० रुपये. हा माणूस धड नोकरदार नाही, धड स्वयंसेवकही नाही.

५ मे १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं. फेब्रुवारी १९९० मध्ये केरळातला एर्नाकुलम जिल्हा साक्षर जाहीर झाला आणि तो नमुना देशभर पोचला, आमच्या लातूर जिल्ह्यातही. जिल्हा साक्षरता समितीच्या अध्यक्षपदी जिल्हाधिकारी, पण शिकवणारे विनामोबदला.

म्हणजे शब्द एक, माणसं तीन प्रकारची.

पुढचं मला कागदात सापडलं नाही. शिरूर अनंतपाळला घरी गेलो तेव्हा शेजारच्या मावशींना विचारलं. मोहिमेच्या काळात त्या बारावीला होत्या, गल्लीतल्या बायकांना शिकवायच्या. म्हटलं, काय मिळायचं? "कशाचे पैसे न् काय! पण त्या निमित्तानं संध्याकाळी घराबाहेर पडू द्यायचे. चार बायांत उभं राहून बोलायला तिथंच शिकले मी."

अहवालात किती जण शिकले याचा आकडा असतो. शिकवणाऱ्या मुलीचं काय झालं, याला रकानाच नसतो. प्रौढशिक्षण आणि स्वयंसेवा यांचं नातं शोधायचं तर मला वाटतं तिथंच शोधावं लागेल.

तेव्हा जुना अहवाल हाती आला की तीन गोष्टी विचारा. शिकवायला कोणी सांगितलं? मोबदला काय होता, पैसे, मान की मोकळीक? आणि 'साक्षर' कोणाला धरलंय? १९९१ पासून जनगणना सात वर्षांपुढच्या सगळ्यांची साक्षरता मोजते, ती घरच्यांनी सांगितलेल्या माहितीवर. मोहिमेचा भर १५ ते ३५ वर होता. हे दोन आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करू नका.

आणि घाई करा. २०२२ पासूनचा 'उल्लास' कार्यक्रमही स्वयंसेवकांवरच उभा आहे, त्याचे कागद नंतरही मिळतील. नव्वदच्या दशकात शिकवणारी माणसं आता पन्नाशीत, साठीत आहेत. आधी त्यांच्याकडं जा.