आतली टोपी

शांतिसैनिकांचं निळं हेल्मेट जन्माला आलं तेव्हा ते गोळी अडवण्याच्या लायकीचं नव्हतंच. त्या काळच्या अमेरिकी हेल्मेटाचे दोन भाग असत: वर पोलादी कवच आणि आत हलकी प्लास्टिकची टोपी. १९५६ साली संयुक्त राष्ट्रांनी यातली फक्त आतली टोपी उचलली आणि तिच्यावर निळा रंग फवारला. या एका गोष्टीत शांतिसेनेचं सगळं बळ आणि सगळी मर्यादा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

सुएझ कालव्यावरून ब्रिटन-फ्रान्सने इजिप्तवर केलेला हल्ला सर्वांना ठाऊक आहे. ब्रिटन-फ्रान्सच्या नकाराधिकारामुळे सुरक्षा परिषद अडली, कॅनडाच्या लेस्टर पिअर्सन यांनी आमसभेत प्रस्ताव मांडला, सरचिटणीस हॅमरशोल्ड यांनी काही दिवसांत सेना उभी केली. पण घोडं अडलं ते गणवेशापाशी. कॅनडाची पलटण निघणार होती ‘क्वीन्स ओन रायफल्स’, अंगावर ब्रिटिश धाटणीचा पोशाख. कालपर्यंत ब्रिटिश बाँब झेलणारे इजिप्तचे अध्यक्ष नासर तिला कसे येऊ देणार? वेगळेपण लांबून दिसायला हवं होतं. निळ्या बेरे टोप्या शिवून यायला आठवडे लागले असते. अमेरिकी टोप्या मात्र युरोपातल्या साठ्यात पडून होत्या. संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी ब्रायन अर्कहार्ट यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे.

काही जण शांतिसेनेचं मूळ १९४८च्या पॅलेस्टाइनमधल्या निरीक्षकांपर्यंत नेतात, पण ते नि:शस्त्र होते. माझ्या मते खरी आजी कोरियात सापडते. १९५३-५४ साली कोरियन युद्धातले, मायदेशी परतायला नकार देणारे बावीस हजारांवर युद्धकैदी भारतीय फौजेने सांभाळले. तिचे प्रमुख होते आपले मेजर जनरल शंकरराव थोरात. ती संयुक्त राष्ट्रांची सेना नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. तरीही शस्त्र हाती असून ते आवरायचं आणि दोन्ही बाजूंच्या संमतीवर उभं राहायचं, ही रीत तिथेच घडली. सुएझला भारतीय पलटणी गेल्या, त्या हा अनुभव गाठीला बांधूनच गेल्या असणार.

संमती सरली की टोपीचं बळही सरतं. १९६७ साली नासर यांनी सेना काढून घ्यायला सांगितलं आणि तेव्हाचे सरचिटणीस ऊ थांट यांनी ते मानलं. अरब-इस्रायल युद्ध पेटलं तेव्हा गाझातून निघू न शकलेले भारतीय जवान मारले गेले. रवांडा आणि स्रेब्रेनित्सा इथल्या कत्तली शांतिसैनिकांना रोखता आल्या नाहीत, हे सर्वांना माहीत आहे.

युगोस्लाव्हियातून वेगळ्या झालेल्या मॅसिडोनियाची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. तिथे १९९२च्या अखेरीस युद्ध होण्याआधीच शांतिसेना पाठवण्याचा निर्णय झाला. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं. सुमारे हजार सैनिक सीमेवर नुसते दिसत राहिले आणि बोस्नियातल्या युद्धाची आग तिथवर आली नाही. १९९९च्या जानेवारीत मॅसिडोनियाने तैवानशी संबंध जोडले. तैवानला आपलाच भाग मानणाऱ्या चीनने फेब्रुवारीत मोहिमेच्या मुदतवाढीवर नकाराधिकार वापरला आणि मोहीम गुंडाळली गेली. २००१ साली त्याच देशात सशस्त्र बंड उठलं.