गुरनोलीचा नट आणि सोंग कांग-हो

सोंग कांग-हो हे नाव ठाऊक नसलं तरी चेहरा तुम्ही नक्की पाहिला असेल. ‘पॅरासाइट’मधला तो बाप, तळघरात राहून पिझ्झ्याचे खोके दुमडणारा. जन्म १९६७ चा, गाव गिमहे. बुसानजवळचं, राजधानीपासून लांब. हा गडी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सोलला आला आणि नाटकात शिरला. १९९६ मध्ये सिनेमात एक छोटीशी भूमिका केली. १९९७ च्या ‘ग्रीन फिश’मध्ये त्यानं गुंड असा काही रंगवला, की हा नट आहे की खरंच कुणी गुंड धरून आणलाय, अशी चर्चा झाली. पुढे २०२० चं ऑस्कर आलं. २०२२ ला ‘ब्रोकर’साठी कान महोत्सवात अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, जो त्याआधी एकाही कोरियन नटाला मिळाला नव्हता.

ही गोष्ट आपल्याला पाठ असते, कारण तिचा साचा ओळखीचा आहे. लहान गाव, मोठं शहर, छोटा रोल, मोठा रोल. गाव सोडल्याशिवाय नट होता येत नाही, असं आपण धरूनच चालतो. मी भंडारा जिल्ह्यातला, लाखांदूरकडचा. आमच्याकडे हा साचा बसत नाही, आणि का बसत नाही ते सांगायला मला थोडं शेतात शिरावं लागेल.

आमच्याकडे धान पिकतो. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. मग चुरणा होऊन धान घरी येतो, हातात चार पैसे पडतात आणि बांध्या रिकाम्या होतात. नेमक्या याच दिवसांत गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, पाव्हण्यांनी घर भरतं, आणि पाव्हणे आले की रात्री नाटक हवंच. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीच्या पट्ट्यात दिवाळीपासून होळीपर्यंत हेच चालतं. झाडीपट्टी रंगभूमीचं कॅलेंडर कुणा नाट्यसंस्थेनं आखलेलं नाही, ते धानानं आखलंय.

तिची मुळं दंडारीत आणि खडी गंमतीत आहेत. दंडारीत बायकांची सोंगंही पुरुषच घेत. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि दंडार यांच्या अभ्यासात अनेक वर्षं घातली, म्हणून आज आपल्याला त्यावर नीट बोलता येतं. पुढे पडदे आले, पेटी-तबला आला, गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ आला. (गडकरी गेले ते आमच्या विदर्भातल्याच सावनेरला, १९१९ मध्ये. त्यांचं नाटक त्यांच्या मागे झाडीत रात्र रात्र जागवतंय.) मग व्यावसायिक मंडळ्या उभ्या राहिल्या, नागपूरकडून नट्या येऊ लागल्या, आणि गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा म्हणजे देसाईगंज हे या धंद्याचं ठाणं झालं. आज वडशात फिरलात तर नाटक मंडळ्यांच्या पाट्या किराणा दुकानांच्या पाट्यांसारख्या दिसतात. २०२२ मध्ये तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा सिनेमा आला, तो याच दुनियेवर.

या दुनियेतला सगळ्यात ठळक नट म्हणजे परशुराम खुणे. गाव गुरनोली, तालुका कुरखेडा, जिल्हा गडचिरोली. विनोदी भूमिकांचा बादशहा. २५ जानेवारी २०२३ ला त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा देशभरच्या बातम्यांत दोन आकडे छापून आले: सुमारे ८०० वेगवेगळ्या भूमिका आणि ५,००० हून जास्त प्रयोग. नक्षलग्रस्त तरुणांच्या पुनर्वसनासाठी त्यांनी केलेल्या कामाचाही त्यात उल्लेख होता.

लोक आकडा वाचतात, ‘बापरे’ म्हणतात आणि पुढे सरकतात. मी मात्र हिशेब मांडून बसलो. दिवाळी ते होळी म्हणजे साधारण चार महिने. चालता नट त्यात १०० रात्री उभा राहिला असं धरू. म्हणजे ५,००० प्रयोगांना ५० हंगाम लागतात. ५० वेळा धान कापून झाला आणि ५० वेळा तोंडाला रंग लागला. ८०० भूमिकांचा भागाकार केला तर वर्षाला सोळा नव्या भूमिका येतात. सिनेमातल्या नटाला दोन वर्षांत एक भूमिका आली तरी तो ‘तयारी चालू आहे’ म्हणतो.

आणि प्रयोग म्हणजे दोन-अडीच तासांचा मामला नव्हे. पडदा वर जातो रात्री दहाच्या पुढे, आणि नाटक संपतं तेव्हा उजाडायला आलेलं असतं. बऱ्याच गावी बसायची जागा उतरती खोदतात आणि तीच माती स्टेजला घालतात, म्हणजे मागच्या म्हातारीलाही नट दिसला पाहिजे. थंडी मरणाची असते. घोंगड्या पांघरून बसलेल्या पब्लिकला पहाटे तीन वाजता झोप लागते, आणि तिला जागं ठेवायचं काम कॉमेडियनचं. माझ्या मते झाडीपट्टीत विनोदी नट हिरोपेक्षा मोठा होतो तो इथेच. पहाटे तीनला हसवणं ही वेगळीच परीक्षा आहे, कोणत्याही ऑडिशनमध्ये ती घेता येणार नाही.

दुसऱ्या रात्री दुसरं गाव, कधी दुसरं नाटकही. पाठांतर कमी पडलं तर आडून प्रॉम्प्टर सांभाळून घेतो. यावरून शहरातली मंडळी नाक मुरडतात. एका नाटकाची चार महिने तालीम करणाऱ्यांनी मुरडावं; वर्षाला सोळा भूमिका करून बघाव्यात, मग बोलू.

पण खुण्यांच्या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग म्हणजे पत्ता. पद्मश्रीच्या वेळीही तो गुरनोलीच होता. कांग-होला सोल गाठावं लागलं, खुण्यांना मुंबई गाठावी लागली नाही. त्यांचं पब्लिक शंभरेक किलोमीटरच्या टापूत होतं आणि ते दरवर्षी धान विकून तिकीट काढत होतं.

हे फार गोड करून सांगू नये. इथे पैसा रात्रीवर मिळतो, त्याला ‘नाईट’ म्हणतात. पाऊस आला, गावात मयत झाली, नट आजारी पडला, की नाईट बुडाली. पीएफ नाही, पेन्शन नाही. करोनाच्या काळात मंडया थांबल्या तेव्हा नाट्यगृहांच्या टाळ्यांवर बातम्या झाल्या. आमच्या बांध्यांमधल्या स्टेजला टाळंच नसतं, त्यामुळे ती बंद झालेली फारशी कुणाला दिसली नाही. शिवाय धान बुडाला की नाटकाच्या वर्गणीलाच पहिली कात्री लागते.

आमच्या गावातला एक पोरगा बारावी करून राइस मिलमध्ये हमाली करतो. आवाज खणखणीत, नक्कल एकदम पक्की. त्याचे रील बघून कुणीतरी त्याला मुंबईला ये म्हणत होतं. याच वर्षी वडशाच्या एका मंडळीनंही त्याला बोलावलं, दोन नाटकांत साइड कॉमेडी. त्यानं वडसा धरलं. तालमी कापणीच्या तोंडावरच सुरू होणार होत्या. त्याची माय बॅग भरताना त्याला एवढंच विचारत होती, “धान कापाले येशीन ना बा?”